निळे बाळ ओळखण्याची विद्या



ज्या डॉक्टरसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते याच शाळेचे विद्यार्थी. पुढे ते बालरोगतज्ज्ञ झाले आणि दर वर्षी जुलैत येऊन येथील मुलांची तपासणी करीत राहिले. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा माळव्यातील मराठी ग्रंथव्यवहारावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र बालकांच्या हृदयविकारांविषयी बोलणार आहे. मी वैद्य नव्हे, औषधोपचाराविषयी उपदेश करण्याचा मला अधिकारही नाही. मला सांगावयाचा आहे तो एका शिक्षणाचा इतिहास. लहान मुलाच्या छातीत काही बिघडले आहे हे ओळखावयास माणसे कोणाकडून शिकली, आणि ती विद्या एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली, हा तो इतिहास होय. हृदयावरील शस्त्रक्रियांच्या कथा वृत्तपत्रांनी भरभरून छापल्या. ओळखण्याची कथा त्या मानाने झाकलेली राहिली. वस्तुतः ज्या मुलाचा विकार कोणी ओळखलाच नाही, ते मूल शस्त्रवैद्याच्या टेबलापर्यंत पोहोचणार कसे?

आपल्या प्राचीन वैद्यकाला हृद्रोग अपरिचित नव्हता. चरकसंहितेत त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. वात, पित्त, कफ, सन्निपात आणि कृमी यांपासून होणारे. पण हृदय मातेच्या उदरात असतानाच सदोष घडले असेल, या शक्यतेला त्या वर्गीकरणात जागा नाही. युरोपातही फार वेगळी स्थिती नव्हती. अशा मुलांचे वर्णन सापडते ते बहुधा शवविच्छेदनाच्या नोंदींत. मूल निळसर दिसे, धापा टाकी, एके दिवशी जाई, आणि मग वैद्य हृदय उघडून पाहात.

१८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या वैद्याने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. माझ्यासारख्या शब्दवेड्याला या नावाची गंमत वाटते. ग्रीक भाषेत ‘स्टेथोस’ म्हणजे छाती आणि ‘स्कोपेइन’ म्हणजे पाहणे. साधन ऐकण्याचे, नाव मात्र पाहण्याचे! सदोष झडपेतून किंवा छिद्रातून रक्त वाहताना जो आवाज येतो त्यास इंग्रजीत ‘मर्मर’ म्हणतात, आणि आपल्या परिभाषाकारांनाही त्यासाठी नवा शब्द घडवावा लागला नाही. वाळल्या पानांच्या सळसळीला संस्कृतात ‘मर्मर’ म्हणतातच. दोन दूरच्या भाषांनी एकाच ध्वनीला एकच नाव द्यावे, हा अनुकरणवाचक शब्दांचा महिमा.

असो. कानाला साधन मिळाले, पण ऐकू आलेल्या आवाजाचा अर्थ लावणारा गुरू अजून नव्हता. १८८८ साली मार्सेय येथील फालो या वैद्याने ‘निळ्या रोगा’ने गेलेल्या रुग्णांच्या हृदयांत चार दोष पुनःपुन्हा एकत्र आढळतात असे दाखवून दिले. फुप्फुसाकडे जाणारा मार्ग अरुंद, खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र, त्या छिद्रावर सरकलेली महाधमनी आणि जाड झालेली उजव्या कप्प्याची भिंत. त्यामुळे अशुद्ध रक्त फुप्फुसात न जाता थेट शरीरात मिसळते आणि मूल निळे पडते. फालोचे नाव आजही या विकाराला आहे. पण त्याच्या काळी हे ज्ञान जिवंत मुलाच्या काही उपयोगाचे नव्हते.

या विद्येची पहिली मोठी शिक्षिका म्हणजे कॅनडातील मॉड अ‍ॅबट. जन्म १८६९ चा. माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठातून त्या पदवीधर झाल्या, पण त्याच विद्यापीठाच्या वैद्यक शाखेने स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. बिशप्स महाविद्यालयातून १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. पुढे १८९८ मध्ये मॅक्‌गिलने त्यांना काम दिले ते वैद्यकीय संग्रहालयाच्या साहाय्यक अभिरक्षकाचे. बरण्यांत द्रावणात ठेवलेले अवयव, अर्धवट पुसट झालेल्या चिठ्ठ्या, धूळ. रुग्ण नाहीत, वर्ग नाहीत. पदरी पडलेले हे काम म्हणजे अडगळीची खोली सांभाळणे होते असे म्हटले तरी चालेल.

अ‍ॅबट यांनी त्या अडगळीची शाळा केली. त्यांना एक विलक्षण हृदय सापडले, ज्यात खालचा कप्पा दोनांऐवजी जवळजवळ एकच होता. शोध घेता ते पाऊणशे वर्षांपूर्वी अँड्र्यू होम्स या वैद्याने जतन केलेले निघाले. या एका बरणीपासून त्यांचा ध्यास सुरू झाला. विख्यात वैद्य विल्यम ऑस्लर यांनी आपल्या बृहद्ग्रंथातील जन्मजात हृदयदोषांचे प्रकरण त्यांच्याकडून लिहवून घेतले. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रकरणास ४१२ रुग्णांच्या नोंदींचा आधार होता. १९३६ मध्ये त्यांचा चित्रसंग्रह निघाला तेव्हा नोंदींची संख्या १००० वर गेली होती. विद्यार्थ्यांचे गट त्यांच्यापाशी येत, त्या बरणी हातात देत आणि विचारीत की या मुलाचे रक्त कोणत्या वाटेने गेले असेल? मेक्सिको शहरातील हृदयरोग संस्थेत दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने हृदयविद्येच्या इतिहासाची भित्तिचित्रे काढली आहेत. त्या सगळ्या वैद्यांच्या मेळ्यात स्त्री एकच आहे, मॉड अ‍ॅबट.

अ‍ॅबट यांच्या त्या बरण्या पाहावयास १९३० नंतरच्या दशकात बाल्टिमोरहून एक डॉक्टरीणबाई माँट्रियलला गेल्या. त्यांचे नाव हेलन टाउसिग. आजच्या विषयातील मध्यवर्ती व्यक्ती त्याच आहेत, म्हणून त्यांच्यापाशी मी थोडा अधिक थांबणार आहे.

टाउसिग यांचा जन्म १८९८ चा. वडील हार्वर्डमध्ये अर्थशास्त्राचे नामवंत प्राध्यापक. आई हेलन अकरा वर्षांची असताना क्षयाने गेली. मुलीला वाचताना अक्षरे जुळत नसत. आज ज्याला आपण वाचनदोष म्हणून ओळखतो आणि ज्यासाठी शाळेत सवलती देतो, त्याला तेव्हा कोणी नावही देत नसे. वडिलांनी समजूतदारपणे शिकविले म्हणून ती तरली. हार्वर्डच्या वैद्यक शाखेत स्त्रियांना वर्गात बसण्याची मुभा काही विषयांपुरती मिळे, पदवी मिळत नसे. बॉस्टन विद्यापीठात गेल्यावर तेथील अध्यापकाने त्यांच्या हाती बैलाचे हृदय दिले आणि त्यावर काम करावयास सांगितले. त्या हृदयाने त्यांचे आयुष्य ठरविले. १९२७ साली जॉन्स हॉपकिन्समधून त्या डॉक्टर झाल्या आणि १९३० मध्ये एडवर्ड्स पार्क या बालरोगाच्या प्राध्यापकांनी हॅरिएट लेन या मुलांच्या रुग्णालयातील हृदयचिकित्सालय त्यांच्या हवाली केले.

आणि याच सुमारास त्यांचे कान जाऊ लागले. हृदयाचे आवाज ऐकण्यावर ज्या विद्येचा डोलारा उभा, तिच्या आचार्येला ऐकू येईनासे व्हावे, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता? त्या ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेऊ लागल्या, आवाज वाढविणारा स्टेथोस्कोप वापरू लागल्या. पण मुख्य म्हणजे त्या बोटांनी ऐकावयास शिकल्या. मुलाच्या छातीवर तळहात ठेवून हृदयाचा ठोका कोठे जोरात लागतो, कोठे थरथर जाणवते, हे त्या ओळखीत. क्ष-किरणाच्या पडद्यावर मुलाला निरनिराळ्या कोनांतून फिरवून हृदयाची आकृती पाहात. रंग, नखे, श्वास, बसण्याची ढब, दूध पिताना येणारा थकवा, सारे नोंदवीत. एका इंद्रियाने साथ सोडली तेव्हा उरलेली सर्व इंद्रिये त्यांनी कामास लावली. पुढे त्यांच्या शिष्यांनाही मुलाला प्रथम पाहावयाचे, मग हात लावावयाचा आणि त्यानंतर ऐकावयाचे, ही शिस्त लागली.

या पाहण्यातूनच त्यांचा सर्वांत मोठा शोध लागला. गर्भात असताना मुलाची फुप्फुसे काम करीत नाहीत. म्हणून महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी यांना जोडणारी एक छोटी नळी असते. वैद्यकात तिला डक्टस म्हणतात. आपण जोडनळी म्हणू. जन्मानंतर थोड्या दिवसांत ती आपोआप बंद होते आणि ते योग्यच असते. टाउसिग यांच्या लक्षात आले की फुप्फुसाकडची वाट अरुंद असलेली काही निळी बाळे पहिले काही दिवस बरी असतात आणि जोडनळी मिटताच खालावतात. म्हणजे फुप्फुसाला रक्त पुरविणारी ती आडवाटच त्यांना जगवीत होती. मग मिटलेली आडवाट पुन्हा करून देता येणार नाही काय? १९३८ साली बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी उघडी राहिलेली जोडनळी बांधून एका मुलीला बरे केले होते. टाउसिग त्यांच्याकडे गेल्या आणि नळी बांधता येते तर करताही यावी, असे सुचविले. ग्रॉस यांना त्यात रस वाटला नाही.

१९४१ मध्ये अ‍ॅल्फ्रेड ब्लेलॉक हे शस्त्रवैद्य जॉन्स हॉपकिन्समध्ये आले आणि त्यांच्यासमवेत आले व्हिव्हियन थॉमस. थॉमस कृष्णवर्णीय, गुलामाचे नातू, सुतारकामात तरबेज. डॉक्टर होण्यासाठी साठविलेले पैसे १९३० च्या मंदीत बुडाले. ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस म्हणून लागले. पगारपत्रकावर त्यांची नोंद कित्येक वर्षे झाडलोट करणाऱ्याची होती. पण कुत्र्यांवर प्रयोग करून हाताच्या धमनीचे टोक फुप्फुसाच्या धमनीला कसे शिवावयाचे, हे तंत्र सिद्ध केले त्यांनीच. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी आयलीन सॅक्सन या पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलो वजनाच्या मुलीवर ब्लेलॉक यांनी शस्त्रक्रिया केली, तेव्हा थॉमस त्यांच्यामागे पायठाणावर उभे राहून प्रत्येक टाक्याला सूचना देत होते. आयलीनचा रंग सुधारला. काही महिन्यांनी मात्र ती गेली. तिसरा रुग्ण सहा वर्षांचा मुलगा होता. त्याच्या धमनीवरील चिमटे सोडताच ओठ गुलाबी झाले. १९४५ मध्ये तिन्ही रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली आणि जगभरातून निळी बाळे घेऊन आईबाप बाल्टिमोरला येऊ लागले.

निबंधावर नावे होती ब्लेलॉक आणि टाउसिग यांची. थॉमस यांचे नव्हते. त्यांनी शिकविलेले तरुण शस्त्रवैद्य पुढे मोठमोठ्या रुग्णालयांचे प्रमुख झाले, आणि त्यांच्या गुरूला वैद्यकाची पदवी नव्हती! १९७६ साली विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि शस्त्रक्रिया विभागात अध्यापक म्हणून नेमले. आज पुष्कळ वैद्य त्या शस्त्रक्रियेच्या नावात थॉमस यांचेही नाव जोडतात. उशिरा का होईना, ते न्याय्य झाले. अ‍ॅबट, टाउसिग, थॉमस या तिघांनाही ज्या वर्गाच्या दारातून आत सोडले गेले नाही त्याच वर्गाला त्यांनी शिकविले, हे मला शाळेच्या व्यासपीठावरून सांगावेसे वाटते.

शस्त्रक्रियेने कीर्ती दिली, पण टाउसिग यांना ठाऊक होते की एक चिकित्सालय पुरे पडणार नाही. १९४७ साली त्यांचा जन्मजात हृदयदोषांवरील ग्रंथ निघाला आणि या विषयाचे अध्यापन त्यावर उभे राहिले. त्यांच्यापाशी शंभराहून अधिक डॉक्टर शिकून गेले आणि त्यांनी देशोदेशी अशी चिकित्सालये काढली. अमेरिकेत १९६१ साली बालहृदयरोग ही बालरोगशास्त्राची स्वतंत्र परीक्षा असलेली शाखा झाली. हे शिष्यमंडळ पुष्कळसे बालरोगतज्ज्ञांचे होते, ही गोष्ट महत्त्वाची. मोठ्या माणसांच्या हृदयवैद्याने सवड मिळेल तेव्हा मुलांकडे पाहावे, असे नव्हे. मुलांच्या डॉक्टरानेच हृदय शिकावे, हा विचार त्यातून रुजला.

येथे मला आमच्या वर्गातील एका मुलाची आठवण सांगितली पाहिजे. १९५८-५९ साली मी या शाळेत चौथीत होतो. तो मुलगा अंगाने किरकोळ, ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे, बोटांची टोके टिपरीसारखी फुगीर. खो-खोत रांगेत बसावयास तो नेहमी तयार असे. खो मिळाला की चार पावले धावे आणि मैदानातच पुन्हा उकिडवा बसे. मुले हसत; गुरुजी त्याला आळशी म्हणत. खो-खो हा खेळच उकिडवे बसण्याचा, त्यामुळे त्या बसण्यात कोणाला काही वेगळे दिसलेही नाही. पाचवीत तो आला नाही. पुढच्या पावसाळ्यात तो गेल्याचे कळले.

पुष्कळ वर्षांनी मी डॉक्टरसाहेबांना हे वर्णन ऐकविले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, न तपासता निदान सांगणे बरे नव्हे, पण फालोच्या विकाराची मुले दमली की अशीच बसतात. उकिडवे बसल्याने पायांकडील धमन्या दाबल्या जातात, शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा वाढतो आणि त्यामुळे थोडे अधिक रक्त फुप्फुसाच्या अरुंद वाटेने ढकलले जाते. मुलाला हे कोणी शिकविलेले नसते. त्याचे शरीर ते शोधून काढते. टाउसिग यांनी ही बैठक आपल्या ग्रंथात वर्णिली होती, म्हणजे आमच्या खो-खोच्या अकरा वर्षे आधी ती छापून झाली होती. बाल्टिमोरहून आमच्या मैदानापर्यंत मात्र ती पोहोचली नव्हती. डॉक्टरसाहेब शाळेत तपासणीस येत तेव्हा नळी काढण्यापूर्वी प्रत्येक मुलाला मैदानाला एक फेरी मारावयास लावीत आणि थांबल्यावर ते कसे उभे राहते ते पाहात, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आम्हांला तो त्यांचा विक्षिप्तपणा वाटे.

टाउसिग यांची विद्या भारतात आली ती काही थोड्या माणसांच्या हातून, आणि त्यांत डॉ. पद्मावती यांचे स्थान मोठे. त्यांचा जन्म १९१७ चा, ब्रह्मदेशातला. रंगूनच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण झाले आणि महायुद्धात जपानी आक्रमणामुळे कुटुंबास भारतात यावे लागले. पुढे इंग्लंड, स्वीडन, आणि मग बाल्टिमोरला टाउसिग यांच्यापाशी आणि हार्वर्डला पॉल डडली व्हाइट यांच्यापाशी अध्ययन. १९५३ मध्ये त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात रुजू झाल्या आणि १९५४ साली तेथे हृदयचिकित्सालय सुरू केले. १९६७ मध्ये पद्मभूषण, १९९२ मध्ये पद्मविभूषण. नव्वदी उलटल्यावरही त्या रुग्ण तपासत असत. २०२० साली करोनाच्या साथीत, वयाच्या एकशेतिसाव्या नव्हे, एकशेतीन वर्षांच्या दीर्घ आयुष्यानंतर त्या गेल्या.

दिल्लीत त्यांच्यापुढे जी मुले आली त्यांत निळी बाळे होतीच, पण त्याहून मोठी रांग होती संधिवाताच्या तापाने हृदय बिघडलेल्यांची. हा विकार जन्मजात नव्हे. घसा दुखतो, बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप आणि सांधेदुखी. आज गुडघा, उद्या घोटा. सांध्यांवरून तो निघून जातो, हृदयाच्या झडपांवर मात्र खूण ठेवतो, आणि प्रत्येक नव्या झटक्याने ती खूण खोल होत जाते. पाच ते पंधरा या शाळकरी वयात तो प्रामुख्याने होतो. १९४४ साली, म्हणजे निळ्या बाळाच्या शस्त्रक्रियेच्याच वर्षी, डकेट जोन्स यांनी तो ओळखण्याचे निकष मांडले. ते पुढे वेळोवेळी सुधारले गेले. २०१५ च्या सुधारणेत एक महत्त्वाची गोष्ट मान्य झाली की जेथे हा रोग फार आहे तेथील मुलांना श्रीमंत देशांची कडक मोजपट्टी लावू नये. तेथे एकच सांधा दुखत असला तरी संशय घ्यावा. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन, वर्षानुवर्षे, एवढ्यावर पुढचे झटके टळू शकतात. वाढीचे वय आहे, दुखणारच, असे म्हणून घरी पाठविलेले मूल ते इंजेक्शन गमावून बसते.

आता पुन्हा जोडनळीकडे वळतो, कारण तिची गोष्ट संपलेली नाही. १९७५-७६ च्या सुमारास न्यूझीलंड आणि कॅनडातील वैद्यांनी दाखविले की प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य शिरेतून थेंबाथेंबाने दिल्यास मिटू लागलेली जोडनळी उघडी ठेवता येते. टाउसिग यांनी डोळ्यांनी हेरलेली गोष्ट आता बाटलीत आली. १९८६ साली मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला, त्यापूर्वी त्यांना हे पाहावयास मिळाले याचा मला आनंद आहे. या औषधाने बालरोगतज्ज्ञाची भूमिका पालटली. पूर्वी निळे अर्भक ओळखले तरी त्याला वाटेला लावण्यापलीकडे हाती काही नव्हते. आता जिल्ह्याच्या गावी हे द्रव्य सुरू करून मूल शेकडो मैल दूरच्या शस्त्रवैद्यापर्यंत जिवंत नेता येते. मात्र ते सुरू करण्यासाठी आधी शंका यावी लागते. चार-पाच दिवसांचे मूल एकाएकी पांढरेफटक पडले, दूध सोडले, हातपाय गार झाले तर पहिला विचार येतो जंतुसंसर्गाचा, आणि तो चूक नव्हे. पण त्याच वेळी मांडीच्या सांध्यातील नाडी बोटाने पाहिली आणि ती लागली नाही, तर महाधमनी वाटेत अरुंद असून जोडनळी मिटल्याने खालचे शरीर उपाशी आहे, हे कळते. नाडी पाहावयास दहा सेकंद लागतात.

दुसरा सापळा याहून फसवा. दोन कप्प्यांमधील मोठे छिद्र जन्मतः बहुधा ऐकू येत नाही, कारण नवजात बाळाच्या फुप्फुसातील दाब अजून उतरलेला नसतो. चार ते सहा आठवड्यांनी तो उतरतो आणि मग रक्ताचा लोंढा फुप्फुसात शिरतो. बाळ दोन घोट पिते, थांबते, कपाळाला घाम येतो, श्वास भराभर चालतो, वजन वाढत नाही, सर्दी-न्यूमोनिया वारंवार होतो. म्हणून जन्मवेळच्या ‘सर्व ठीक’ या शेऱ्यावर विसंबता येत नाही. दीड महिन्याच्या लसीला बाळ येते तेव्हा त्याची छाती पुन्हा ऐकली पाहिजे. हे निसटले तर वर्षे लोटतात, फुप्फुसाच्या धमन्या कठीण होतात आणि छिद्र बुजविण्याची वेळ निघून जाते. या अवस्थेस व्हिएन्नाच्या आयझेनमेंगर यांचे नाव आहे. त्यांनी असा रुग्ण १८९७ मध्ये वर्णिला. यातील क्रूर विसंगती अशी की रोग बळावतो तशी मर्मर मंदावते, श्वास जरा सुधारतो आणि घरच्यांना वाटते, मूल वयाबरोबर बरे झाले.

उलट बाजूही विसरता कामा नये. अनेक निरोगी मुलांच्या छातीत कधी ना कधी एक निरुपद्रवी मर्मर ऐकू येते. इंग्लंडमधील बालरोगाचे आद्य प्राध्यापक जॉर्ज स्टिल यांनी तिचे वर्णन करून ठेवले आहे. ती न ओळखता ‘हृदयात काहीतरी आहे’ असा शब्द डॉक्टरांच्या तोंडून निघाला की मुलाचा खेळ बंद, सहल बंद, आणि मुलगी असेल तर लग्नाच्या बोलण्यात तो शब्द वीस वर्षांनी पुन्हा डोके वर काढतो. आपल्या समाजात ही घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. निरोगी मुलाला निरोगी ठरविणे हाही या शिक्षणाचा अर्धा भाग आहे.

सामान्य बालरोगतज्ज्ञाच्या नजरेला किती दिसते याचे उदाहरण जपानने दिले. तोक्योच्या रेडक्रॉस रुग्णालयातील तोमिसाकु कावासाकी यांनी १९६१ साली चार वर्षांचे एक मूल पाहिले. न उतरणारा ताप, लाल डोळे, लाल ओठ, पुरळ, सुजलेले हातपाय. कोणत्याच ज्ञात रोगात ते बसेना. त्यांनी वाट पाहिली, पुढील मुले टिपून ठेवली, आणि १९६७ मध्ये ५० रुग्णांची हकीकत छापली. या रोगात हृदयाच्याच धमन्या फुगू शकतात, हे पुढे सिद्ध झाले. पहिल्या दहा दिवसांत ओळखला तर इम्युनोग्लोब्युलिन देऊन तो धोका पुष्कळ कमी करता येतो. कावासाकी हृदयतज्ज्ञ नव्हते.

आजची स्थिती पाहू. हजार जिवंत जन्मांमागे सुमारे आठ मुलांत काही ना काही जन्मजात हृदयदोष असतो. भारतात दर वर्षी अशी दोन लाखांच्या आसपास मुले जन्मतात, असा अंदाज आहे. मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेची केंद्रे मात्र महानगरांत आणि दक्षिणेकडील राज्यांत एकवटलेली. ब्रिटनमध्ये यावर एक तोडगा रुळला आहे. जिल्हा रुग्णालयातील एखादा बालरोगतज्ज्ञ हृदयविषयक जादा शिक्षण घेतो, प्रतिध्वनी-चित्रण शिकतो, आणि मोठ्या केंद्राचा तज्ज्ञ ठरावीक दिवशी तेथे येऊन त्याच्यासमवेत रुग्ण पाहतो. या शेजारी बसून पाहण्याला मी मोठे महत्त्व देतो. मर्मर पुस्तकात वाचून कळत नाही, जसा राग स्वरलिपीवरून गळ्यात उतरत नाही. केरळात २०१७ पासून ‘हृद्यम्’ योजनेखाली अशा मुलांची नोंद करून त्यांना केंद्रापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था आहे. नवजात बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला लावून रक्तातील प्राणवायू मोजण्याचे साधन, जे करोनाच्या काळात आपल्या घराघरांत आले, ते आता प्रसूतिगृहांतही याच कामी येते. आकडा ९५ च्या खाली आला तर पुन्हा पाहावयाचे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याची फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी शाळांत जातात. तपासावयाच्या विकारांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आणि संधिवाती हृदयरोग दोन्ही आहेत. पथकातील डॉक्टर बालरोगतज्ज्ञ नसतात, आयुष शाखेचे असतात. टाउसिग यांची बोटे आता त्यांना मिळावयास हवीत, आणि ते काम त्या त्या जिल्ह्यातील बालरोगतज्ज्ञांनाच करावे लागेल.

आमची शाळा त्या पथकांच्या फेरीत येत नाही. डॉक्टरसाहेबांच्या तपासणीच्या नोंदवह्या कार्यालयाच्या कपाटात आहेत, असे मुख्याध्यापकांनी मला सांगितले. माजी विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर आज येथे बसले आहेत त्यांना माझी विनंती आहे की जुलैतील तपासणी पुन्हा सुरू करावी आणि त्या वह्यांतील रकानेच पुढे चालवावेत. आणखी एक. ज्यांची लहानपणी हृदयशस्त्रक्रिया झाली आहे, अशा माजी विद्यार्थ्यांनी आपण पूर्ण बरे झालो असे समजून तपासणी सोडू नये; फालोच्या विकाराची शस्त्रक्रिया झालेल्यांना झडपेसाठी पुढे पुन्हा उपचार लागू शकतात, आणि तो पाठपुरावा आयुष्यभराचा असतो. वह्यांत आपले नाव असेल तर ती नोंद कार्यालयातून उतरवून घेता येईल; तशी व्यवस्था करण्याचे विश्वस्तांनी मान्य केले आहे.